एटोशाचे पाणवठे: नामिबियात स्वतः गाडी चालवून करायची सफारी

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात किंवा ताडोब्यात मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद ज्यांनी केली आहे, त्यांना नामिबियातील एटोशा राष्ट्रीय उद्यानाची निम्मी ओळख आधीच झालेली असते. आपल्याकडे वर्षातून एक रात्र जे करायला मिळते, ते एटोशात रोज, दिवसाउजेडी आणि स्वतःच्या गाडीत बसून करता येते. मात्र व्याघ्रप्रकल्पातील जिप्सीची सवय लागलेला पर्यटक तिथेही एका जागेवरून दुसऱ्या जागी धावत राहतो, दिवसाला दोनशे किलोमीटर धूळ खातो आणि संध्याकाळी फारसे काही न पाहता परततो. कोरड्या प्रदेशात प्राण्यांना शोधत फिरावे लागत नाही; पाणी कुठे आहे ते ओळखून तिथे थांबावे लागते. पुढील सर्व मार्गदर्शन या एकाच गोष्टीभोवती रचलेले आहे.

एटोशा नामिबियाच्या उत्तर भागात असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे 22,000 चौरस किलोमीटर आहे. त्यातील जवळपास 4,800 चौरस किलोमीटर जागा एका सपाट, पांढऱ्या, क्षारांनी भरलेल्या पात्राने व्यापलेली आहे. हा एका प्राचीन सरोवराचा आटलेला तळ असून तिथे त्याला नुसते ‘पॅन’ म्हणतात. इथल्या स्थानिक ओशिंडोंगा भाषेत एटोशा या नावाचा अर्थ ‘मोठी पांढरी जागा’ असा सांगितला जातो आणि दुपारच्या उन्हात या पात्राच्या काठावर उभी असलेली गाडी आतून तापू लागली, की तो अर्थ डोळ्यांना वेगळा समजवावा लागत नाही. 1907 मध्ये जर्मन वसाहतीच्या काळात गव्हर्नर फ्रीडरिश फॉन लिंडेक्विस्ट यांनी हा प्रदेश राखीव म्हणून घोषित केला. त्याच्या कितीतरी आधीपासून इथे हाय-ओम हे सान, म्हणजे या भागातील मूळ शिकारी जमातींपैकी, लोक राहत होते आणि कोणत्या झऱ्याला कधी पाणी असते हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. 1954 मध्ये त्यांना उद्यानाबाहेर काढण्यात आले. आज आपण नकाशावर ज्या पाणवठ्यांवर बोट ठेवून दिवसाचा मार्ग ठरवतो, त्यांतील अनेकांवर त्यांच्या वस्त्या होत्या, हे प्रवाशाने मनात ठेवावे असे मला वाटते.

केव्हा जावे

इथे पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, विशेषतः जानेवारी ते मार्चमध्ये पडतो. मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ असतो. पावसाळ्यात रानभर डबकी साचतात, गवत वाढते, मोपाने वृक्षांना पालवी फुटते आणि प्राणी विखुरतात. त्या दिवसांत पाणवठ्यावर दोन तास बसूनही एखादे शहामृगच दिसण्याची शक्यता असते. पक्षीप्रेमींसाठी मात्र तोच काळ उत्तम, कारण चांगला पाऊस झालेल्या वर्षी पॅनमध्ये उथळ पाणी भरते आणि फ्लेमिंगो येतात.

सस्तन प्राणी पाहायचे असतील तर ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ निवडावा. जसजसा उन्हाळा वाढतो, तसतशी बाहेरची डबकी आटत जातात आणि सप्टेंबरपर्यंत सारे रान मोजक्या झऱ्यांवर आणि कूपनलिकांवर येऊन ठेपते. ऑक्टोबरमध्ये पारा चाळिशीला टेकू शकतो, याची तयारी ठेवावी. जून-जुलैत हवा आल्हाददायक असली, तरी पहाटे तापमान शून्याजवळ उतरते. ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ अशा समजुतीने केवळ सुती कपडे घेऊन गेलेल्यांचे पहिल्याच सकाळी हाल होतात. लोकरीची टोपी, जाड जाकीट आणि हातमोजे त्या दिवसांत अवश्य घ्यावेत. कोरड्या ऋतूत वणव्याचा धोका असतो. सप्टेंबर 2025 मधील मोठ्या वणव्यात उद्यानाचा सुमारे एक तृतीयांश भाग होरपळला, म्हणून निघण्यापूर्वी कोणते रस्ते आणि पाणवठे खुले आहेत याची चौकशी करावी.

मुक्काम कुठे आणि किती

उद्यानातील मुक्कामस्थाने ‘नामिबिया वाइल्डलाइफ रिसॉर्ट्स’ ही सरकारी संस्था चालवते. दक्षिणेला ओकाकुएयो, मध्यभागी हलाली आणि पूर्वेला नामुटोनी ही तीन जुनी स्थाने सर्वांना सोयीची आहेत. तिन्ही ठिकाणी कुंपण, खोल्या, तंबूची जागा, उपाहारगृह आणि पेट्रोलपंप आहे. ओकाकुएयो ते हलाली आणि हलाली ते नामुटोनी हे प्रत्येकी सुमारे 70 ते 75 किलोमीटरचे अंतर आहे. कागदावर ते दीड तासाचे दिसते, पण वाटेतील पाणवठ्यांवर थांबत गेल्यास त्याला पूर्ण दिवस लागतो आणि लागलाच पाहिजे.

माझ्या मते पाच रात्री हा किमान हिशेब आहे: ओकाकुएयोला दोन, हलालीला एक आणि नामुटोनीला दोन. उद्यानाबाहेरची खासगी निवासस्थाने अधिक आरामदायी असतात; परंतु फाटक सूर्योदयाला उघडते आणि सूर्यास्ताला बंद होते, त्यामुळे बाहेर राहणाऱ्याची पहाटेची आणि संध्याकाळची मोलाची वेळ फाटकापर्यंतच्या प्रवासात जाते. शिवाय आतल्या तिन्ही स्थानांवर दिव्यांच्या प्रकाशात रात्रभर पाहता येणारे पाणवठे आहेत आणि ते केवळ आत राहणाऱ्यांनाच मिळतात. जुलै ते ऑक्टोबरसाठी आरक्षण आठ-दहा महिने आधी करावे, कारण युरोपातील सुट्ट्या याच काळात येतात.

वेळ हाताशी असल्यास पश्चिमेकडील ओलिफान्ट्सरस आणि डोलोमाइट या मुक्कामस्थानांचाही विचार करावा. तिकडे गर्दी कमी असते आणि हार्टमनचा डोंगरी झेब्रा त्याच बाजूला दिसतो. ओलिफान्ट्सरसला पाण्याच्या काठावर बांधलेली दुमजली निरीक्षणजागा आहे. 1980 च्या दशकात हत्तींची संख्या कमी करण्यासाठी ज्या ठिकाणी त्यांना मारून कापले जात असे, तीच ही जागा. आता तिथे लोक श्वास रोखून हत्तींची वाट पाहत बसतात.

प्रवास, गाडी आणि रस्ते

मुंबईहून नामिबियाची राजधानी विंडहुकला थेट विमान नाही. जोहान्सबर्ग किंवा अदिस अबाबामार्गे जावे लागते. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घेऊन प्रमाणपत्र पासपोर्टासोबत ठेवावे, कारण परतताना भारताच्या विमानतळावर ते मागितले जाऊ शकते. एटोशा हिवतापाच्या पट्ट्यात येते. कोरड्या ऋतूत धोका कमी असला, तरी प्रतिबंधक गोळ्यांविषयी आपल्या डॉक्टरांना विचारूनच निघावे. व्हिसाचे नियम अलीकडे बदलले आहेत, म्हणून ते नामिबियाच्या दूतावासाकडूनच जाणून घ्यावेत.

आपल्यासाठी एक मोठी सोय अशी, की नामिबियातही वाहने डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतून घेता येतो. विमानतळ शहरापासून सुमारे 45 किलोमीटर दूर आहे. तिथेच गाडी ताब्यात घ्यावी आणि पासपोर्ट दाखवून सिमकार्डही घ्यावे. उद्यानात मुक्कामस्थानांच्या आसपास सोडून अन्यत्र नेटवर्क मिळेल असे गृहीत धरू नये, म्हणून कागदी नकाशा विकत घ्यावा. तो ओकाकुएयोच्या दुकानात मिळतो.

एटोशासाठी चारही चाकांना शक्ती देणारी गाडी लागतेच असे नाही. कोरड्या ऋतूत साधी मोटारही चालते. तरीही उंच गाडी घ्यावी, कारण गवताच्या वरून पाहायला मिळणारी एक हात उंचीसुद्धा दिवसभरात मोठा फरक पाडते. गाडी घेताना दोन स्टेपनी, जॅक, पाना आणि हवा भरण्याचा पंप प्रत्यक्ष उघडून पाहावे. आमच्या पहिल्या प्रवासात भाड्याने दिलेल्या गाडीतील जॅक तिच्या उंचीला पुरेसा नव्हता, हे आम्हाला एटोशाच्या वाटेवरील आउचो गावाच्या पुढे पंक्चर झाल्यावर कळले. रस्त्याने जाणारा एक शेतकरी स्वतःहून थांबला आणि त्याने लाकडाचा एक ठोकळा जॅकखाली ठेवून चाक बदलून दिले. तेव्हापासून मी कंपनीच्या आवारातच एकदा चाक काढून पुन्हा बसवून पाहतो.

विंडहुकहून ओकाहांजा, ओचिवारोंगो आणि आउचो या गावांवरून उद्यानाच्या अँडरसन फाटकापर्यंत डांबरी रस्ता आहे. ओकाकुएयोपर्यंतचे अंतर सुमारे 435 किलोमीटर भरते. सकाळी लवकर निघून दिवस मावळण्याच्या आत पोहोचावे. अंधारात कुडू आणि रानडुकरे रस्त्यावर येतात आणि कुडूसारखा उंच प्राणी काचेवर आदळला तर जीव वाचणे कठीण असते. आउचोला पेट्रोलची टाकी पूर्ण भरावी, कारण आतल्या पंपांवर कधीकधी इंधन संपलेले असते. पाणी माणशी रोज चार-पाच लिटर या हिशेबाने घ्यावे. शाकाहारी प्रवाशांनी तांदूळ, डाळ, भाज्या आणि फळे आउचोतूनच घ्यावीत. उद्यानातल्या उपाहारगृहांत मांसाहारावर भर असतो. घरून मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या आणि गूळपोळ्या नेल्यास पहाटेच्या न्याहारीचा प्रश्न सुटतो, कारण फाटक उघडते तेव्हा उपाहारगृह उघडलेले नसते. विजेचा सॉकेट आपल्याकडच्या गिझरच्या मोठ्या तीन पिनांसारखा असतो, म्हणून त्या मापाचा जोड सोबत ठेवावा.

उद्यानातील रस्ते चुनखडीच्या पांढऱ्या मुरमाचे आहेत. वेगमर्यादा ताशी 60 किलोमीटर आहे, परंतु प्राणी पाहायचे असतील तर तिशीच्या वर जाऊ नये. वर्दळीच्या भागात रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडलेल्या असतात आणि गाडी खडखडत राहते. टायरमधील हवा थोडी कमी केल्यास हा त्रास घटतो. पांढरी धूळ इतकी बारीक असते की बंद काचांतूनही आत येते. कॅमेऱ्याची लेन्स गाडीत बदलू नये आणि कॅमेरा वापरात नसताना उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवावा.

पाणवठ्यावर कसे बसावे

पाणवठे तीन-चार प्रकारचे आहेत आणि तो फरक समजून घेतल्यास निवड सोपी जाते. पॅनमधील पाणी, असलेच तर, पिण्याजोगे नसते. पॅनच्या काठावर मात्र चुनखडीतून झिरपत आलेले गोडे पाणी चिकणमातीच्या थराला अडून वर येते. ओकोन्डेका आणि साल्वाडोरा हे असे काठाचे झरे आहेत. तिथे मागे अथांग पांढरे पात्र आणि पुढे पाण्याची ओली रेघ असे दृश्य असते, झाडी नसते आणि सिंहांना दूरवर नजर ठेवता येते. पूर्वेकडील चुडोप आणि क्लाइन नामुटोनी येथे भूगर्भातील दाबाने पाणी आपोआप वर येते. त्यांच्याभोवती लव्हाळी आणि दाट झाडी असते. नेब्राउनी, गेम्सबॉकव्लाक्टे, ओलिफान्ट्सबाद यांसारख्या ठिकाणी कूपनलिकेचे पाणी आहे. पंप बंद असेल तर असा पाणवठा कोरडा पडतो, म्हणून मुक्कामस्थानाच्या कार्यालयातील नोंदवहीत आदल्या दिवशी कोणी कुठे काय पाहिले ते रोज रात्री वाचावे आणि दुसऱ्या दिवसाचे दोन, फार तर तीन पाणवठे ठरवावेत.

ठरवलेल्या ठिकाणी पोहोचल्यावर गाडी अशी लावावी की सूर्य पाठीशी राहील, पाण्याकडे येणाऱ्या पायवाटा अडणार नाहीत आणि गरज पडल्यास मागे न वळवता थेट बाहेर पडता येईल. या पायवाटा ओळखणे कठीण नाही. प्राण्यांच्या खुरांनी घासून झालेल्या त्या पांढऱ्या रेघा रानातून चहूबाजूंनी पाण्याकडे येत असतात आणि सर्वांत रुंद वाट बहुधा हत्तींची असते. वाऱ्याची दिशाही पाहावी. माणसांचा आवाज आणि वास नेणारा वारा पाण्याकडे वाहत असेल, तर जागा बदलावी. त्यानंतर इंजिन बंद करावे, काचा अर्ध्या खाली घ्याव्यात, पाण्याची बाटली आणि दुर्बीण हाताशी ठेवावी आणि निदान दोन तास तिथून हलू नये. 8×42 किंवा 10×42 ची दुर्बीण प्रत्येकाकडे स्वतंत्र असावी; एका दुर्बिणीवर चौघांनी भागवल्यास शांतता राहत नाही. छायाचित्रकारांनी घरूनच जाड कापडाची पिशवी शिवून न्यावी, तिथे तीत तांदूळ भरावेत आणि ती काचेच्या कडेवर ठेवून लेन्स टेकवावी. तिवईचा गाडीत उपयोग नसतो.

पहिल्या अर्ध्या तासात काहीच घडत नाही असे वाटते आणि नेमके याच वेळी बहुतेक गाड्या निघून जातात. खरे तर तेव्हा पाहण्यासारखे पुष्कळ असते. स्प्रिंगबॉक, म्हणजे आपल्या चिंकाऱ्यासारखे हरिण, पाण्यापासून शंभर पावलांवर थबकलेले असतात. ते पुढे का येत नाहीत, हा प्रश्न स्वतःला विचारावा. सर्वांची तोंडे एकाच दिशेला असतील, तर दुर्बीण त्या दिशेला फिरवावी आणि प्रत्येक झुडपाखालची सावली सावकाश तपासावी. जिराफाची नजर या बाबतीत सर्वांत विश्वासार्ह असते. तो उंचावरून पाहतो आणि सिंह दिसला तर पळून न जाता त्याच्याकडे टक लावून उभा राहतो. गेम्सबॉकव्लाक्टेला एका जिराफाने आम्हाला अशा प्रकारे चाळीस मिनिटे एका निष्पर्ण झुडपाकडे पाहायला लावले. तिथे काहीच नाही असे ठरवून आम्ही किल्लीला हात घातला आणि त्याच क्षणी त्या झुडपाच्या पायथ्याशी एका सिंहिणीने कान हलवला. ती आमच्यापासून फार तर तीस मीटरवर होती आणि सकाळपासून तिथेच असणार.

जिराफाला पाणी पिताना पाहणे हा एटोशातील सर्वांत संथ आणि माझ्या दृष्टीने सर्वांत सुंदर प्रसंग आहे. तो पाण्याजवळ येतो, मान वर करून चारही दिशा न्याहाळतो, वाकू लागतो आणि पुन्हा ताठ होतो. असे तीन-चार वेळा होते. मग पुढचे पाय एकेका धक्क्याने बाजूला सरकवत तो त्यांची कमान करतो आणि मान खाली नेतो. गळ्यातून वर चढणारा पाण्याचा प्रत्येक घोट दुर्बिणीतून स्पष्ट दिसतो. मान झटक्यात वर उचलताना ओठांतून उडालेल्या थेंबांची माळ क्षणभर हवेत राहते. छायाचित्र घ्यायचे असेल तर तो क्षण आधीच ओळखून तयार असावे.

दिवसाच्या वेळा साधारणपणे ठरलेल्या असतात. उजाडताना तरस, कोल्हे आणि रात्रीचा शिकारी एखादा सिंह पाण्यावर असतो. नऊनंतर झेब्रे, ओरिक्स (लांब, सरळ शिंगांचे मोठे हरिण), स्प्रिंगबॉक आणि न्यू (विल्डबीस्ट) यांची ये-जा सुरू होते आणि ती दुपारपर्यंत चालते. दुपार तापली की हत्ती येतात. नेब्राउनी हे ओकाकुएयोजवळचे ठिकाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. आधी वाऱ्यावर धुळीचा लोट दिसतो, मग पांढरट आकृत्या दिसू लागतात. चुनखडीच्या चिखलाने आणि धुळीने अंग माखल्यामुळे एटोशाचे हत्ती राखेने माखलेल्या गोसाव्यासारखे दिसतात. त्यांचे सुळे आखूड आणि अनेकदा तुटलेले असतात. शेवटच्या शंभर मीटरमध्ये पिल्लांसह सारा कळप जवळपास धावतच पाण्यात शिरतो आणि इतर प्राणी निमूटपणे बाजूला होतात. हत्ती असेपर्यंत झेब्रेही तहानलेले उभे राहतात.

हत्ती गाडीच्या दिशेने चालत येऊ लागला, तर घाबरून इंजिन सुरू करून आवाज करू नये. बहुतेक वेळा तो आपल्या वाटेने जात असतो. मात्र त्याने कान फैलावले, मान झटकली आणि तो थेट तुमच्याकडे पाहत थांबला, तर सावकाश मागे जाऊन त्याला वाट द्यावी. गालावरून मदाचा ओघळ वाहत असलेला एकटा नर दिसल्यास सुरुवातीपासूनच दूर राहावे. कळप आणि त्याची पिल्ले यांच्यामध्ये गाडी कधीही घालू नये.

पक्ष्यांकडे दुर्लक्ष करू नये. उद्यानातून सुमारे 340 जातींची नोंद आहे. त्यातील कोरी बस्टर्ड हा आपल्या माळढोकाचा सख्खा भाऊबंद आहे. दोघेही एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) येतात, जाती मात्र वेगळ्या. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात तासन्‌तास माळ धुंडाळूनही ज्यांच्या पदरी निराशा आली, त्यांना एटोशात रस्त्याच्या कडेला निवांत चालणारा कोरी बस्टर्ड पाहून काय वाटते, ते मी अनेकदा सोबत्यांच्या चेहऱ्यावर वाचले आहे.

ओकाकुएयोची रात्र

सूर्यास्ताच्या आत मुक्कामस्थानाचे फाटक गाठावे लागते. फाटकावर त्या दिवशीची वेळ लिहिलेली असते आणि उशीर झाल्यास दंड होऊ शकतो. त्यानंतर दिवस संपला असे समजून झोपायला जाणे ही एटोशातील सर्वांत मोठी चूक ठरेल.

ओकाकुएयोच्या पाणवठ्याभोवती दगडाची बुटकी भिंत, मागे बाके आणि पाण्यावर मंद दिवे आहेत. सूर्य बुडाल्यावर प्रथम पखुर्ड्यांचे (सँडग्राउस पक्ष्यांचे) थवे येतात. त्यांच्या शिट्ट्यांनी आकाश भरून जाते. गेंड्यांची वेळ त्यानंतरची. काळा गेंडा अतिशय दुर्मीळ आहे. मुक्तपणे वावरणाऱ्या काळ्या गेंड्यांची जगातील सर्वांत मोठी संख्या नामिबियात आहे आणि त्यांना इतक्या खात्रीने पाहता येईल अशी दुसरी जागा मला माहीत नाही. आपल्याकडे काझीरंग्यात दिवसा चरणारा गेंडा पाहिलेल्या माणसालाही हा अनुभव निराळा वाटतो. आधी अंधारात दगडावर दगड घासल्याचा आवाज येतो, मग नाकातून सोडलेला जड श्वास, आणि त्यानंतर दिव्यांच्या कडेवर शिंगाचे टोक दिसते. तो तिथेच पाच मिनिटे उभा राहतो. बाकांवरच्या साठ-सत्तर माणसांपैकी कोणीही हालत नाही. पाण्याला तोंड लावल्यावर त्याचा टोकदार, बोटासारखा वरचा ओठ दिसतो आणि फांद्या ओरबाडून खाणारा काळा गेंडा रुंद तोंडाच्या पांढऱ्या गेंड्याहून कसा वेगळा, ते एका नजरेत कळते.

या बाकांवर बसण्याचे काही संकेत आहेत. फ्लॅश आणि मोबाइलचा प्रकाश पूर्णपणे बंद ठेवावा, कुजबुजही टाळावी, मुलांना आधी समजावून सांगावे आणि पायात आवाज न करणारी चप्पल किंवा बूट असावेत. शाल, थर्मासमधील चहा आणि बसायला चादरीची घडी सोबत न्यावी. शक्य असल्यास पहाटे तीनच्या सुमारास पुन्हा उठून जावे. तेव्हा बाके रिकामी असतात. मुक्कामस्थानात कोल्हे मोकळे फिरतात आणि हलालीला चांदी अस्वल (हनी बॅजर) कचऱ्याचे डबे उलथते, म्हणून अन्न उघड्यावर ठेवू नये आणि त्यांना काहीही खाऊ घालू नये.

हलालीहून नामुटोनीकडे

ओकाकुएयोहून पश्चिमेला जाण्यास अर्धा दिवस मिळाल्यास मोरिंगा वृक्षांचे ‘झपाटलेले वन’ पाहून यावे. फुगीर, राखाडी, वेडीवाकडी खोडे असलेली ही झाडे आपल्या शेवग्याच्याच प्रजातीतील (जीनसमधील) आहेत, हे मला तिथे उभे राहूनही पटायला वेळ लागला. हलालीच्या टेकडीवरचा पाणवठाही त्यांच्याच नावाने, मोरिंगा म्हणून ओळखला जातो. तिथे उंचावर खडकांत बसून खाली पाहता येते आणि बिबट्या दिसण्याची शक्यता इतर ठिकाणांपेक्षा अधिक वाटते. ‘हलाली’ हा शब्द जर्मन शिकारी परंपरेत शिकार संपल्याची ललकारी म्हणून वापरला जात असे.

पूर्वेकडे झाडी दाट होते. नामुटोनीच्या पांढऱ्या जर्मन किल्ल्यावर 28 जानेवारी 1904 रोजी राजा नेहाले यांच्या ओन्डोंगा जमातीच्या योद्ध्यांनी हल्ला केला होता. नंतर जर्मनांनी तो पुन्हा बांधला. आज मुक्कामस्थानातील पाणवठा आणि उत्तरेचे फाटक यांना राजा नेहाले यांचे नाव आहे. या भागात काळ्या तोंडाचा इम्पाला आणि सशाहून थोडे मोठे दिसणारे डिक-डिक शोधावे. डिक-डिक झाडीच्या सावलीत जोडीने उभे असते आणि गाडी थांबली तरी पळत नाही. क्लाइन नामुटोनी आणि चुडोप येथे पहाट व संध्याकाळ घालवावी. आफ्रिकी म्हैस आणि पाणघोडा एटोशात नाहीत. त्यांच्यासाठी नामिबियाच्या ईशान्येला जावे लागते.

न चुकता पाळायचे नियम

मुक्कामस्थाने आणि कुंपण घातलेली विश्रांतिस्थळे सोडून गाडीतून उतरू नये, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊ नये आणि छतावर बसू नये. विश्रांतिस्थळाचे कुंपण साधेच असते. आत जाताना आधी गाडीतूनच सगळीकडे पाहावे, फाटक आपल्यामागे लावून घ्यावे आणि मगच दार उघडावे. चाक पंक्चर झाल्यास जवळपास मोकळी जागा पाहून थांबावे, येणाऱ्या दुसऱ्या गाडीला शेजारी उभे राहून राखण करण्याची विनंती करावी आणि एकाने सतत रानाकडे लक्ष ठेवावे. रस्ता सोडून पॅनवर गाडी नेऊ नये. ड्रोनला मनाई आहे. प्रवेशशुल्क माणशी, गाडीमागे आणि दिवसाच्या हिशेबाने भरावे लागते. त्याची पावती बाहेर पडताना दाखवावी लागते, म्हणून ती सांभाळून ठेवावी.

एका गोष्टीची कळकळीची विनंती करतो. गेंड्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना पाणवठ्याचे नाव, वेळ आणि मोबाइलने आपोआप जोडलेले स्थान देऊ नये. कॅमेऱ्यातील ही नोंद घरूनच बंद करून निघावे. एटोशात शिंगासाठी गेंडे मारले जातात आणि पर्यटकांनी उत्साहाने टाकलेली माहिती शिकाऱ्यांना विनासायास मिळते. नातेवाइकांना दाखवायचे असेल तर घरी आल्यावर दाखवता येते.

परतीची वाट

शेवटच्या सकाळी फाटक उघडताच चुडोपला दोन तास बसावे आणि मग पूर्वेच्या फॉन लिंडेक्विस्ट फाटकातून बाहेर पडावे. बाहेरच्या डांबरी रस्त्यावर येताच थांबून टायरमध्ये पुन्हा पूर्ण हवा भरावी. नामुटोनीहून विंडहुक पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्याच दिवशीचे विमान कधीही घेऊ नये. वाटेत ओचिवारोंगोला एक रात्र काढावी. या गावापासून सुमारे 45 किलोमीटरवर ‘चीता कन्झर्व्हेशन फंड’चे केंद्र आहे आणि ते पर्यटकांना पाहता येते. नामिबियातील बहुतेक चित्ते राखीव उद्यानांत नव्हे, तर खासगी शेतजमिनींवर राहतात. तिथल्या गुराख्यांनी चित्त्यांना मारू नये म्हणून हे केंद्र कळपांच्या राखणीसाठी मोठी कुत्री वाढवून शेतकऱ्यांना देते. 17 सप्टेंबर 2022 रोजी मध्य प्रदेशातील कुनोमध्ये सोडलेले आठ चित्ते नामिबियातून आणले होते आणि त्या कामात या केंद्राचा वाटा होता. त्यांतीलच एका मादीला मार्च 2023 मध्ये कुनोत पिल्ले झाली. केंद्रात पोहोचण्याचा शेवटचा रस्ता मुरमाचा आहे, त्यामुळे दुपारचे ऊन उतरण्यापूर्वी निघावे आणि टाकी ओचिवारोंगोतच भरून घ्यावी.